‘इरोड’ : खात जाणारं क्रियापद, आणि ते पायरीपायरीनं शिकायचं कसं

आमचं वावर अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. वावराच्या एका कडेला ओघळ आहे. मी शाळेत होतो तेव्हा ती उडी मारून ओलांडता यायची. आज तिच्यात उतरायचं तर हाताला धरायला कुणीतरी लागतं. दर पावसाळा सरला की आप्पा त्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “वावर वाही जाई ऱ्हायनं.” कुठल्याही एका रात्री वावर वाहून गेलं नव्हतं. पाच-पन्नास पावसांनी ते थोडं थोडं नेलं होतं.

तालुक्याच्या गावी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. बहुतेकांच्या वहीत एक ओळ सापडते : ‘इरोड म्हणजे कमजोर होणे’. ती ओळ पाठ करून एका मुलानं लिहिलं होतं, “माय फादर इज इरोडिंग आफ्टर हिज इलनेस.” त्याला सांगायचं होतं की आजारपणानंतर वडील खंगत चालले आहेत. भावना खरी होती, व्याकरण जवळपास बरोबर होतं, तरी वाक्य उभं राहत नव्हतं. दोष मुलाचा नव्हता, वहीतल्या त्या एका ओळीचा होता. शब्दाचा अर्थ एका मराठी शब्दाला बांधून टाकला की पुढची दहा वाक्यं चुकतात. म्हणून हे क्रियापद मी वर्गात ज्या क्रमानं शिकवतो, त्याच क्रमानं इथं मांडतो. वही-पेन घेऊन बसलात तर जास्त उपयोग होईल.

पहिली पायरी : उच्चार आणि स्पेलिंग

हे लवकर आटपू. स्पेलिंग ई-आर-ओ-डी-ई. ‘आर’ एकच, दोन नाहीत. उच्चार ‘इरोड’. पहिला ‘इ’ ऱ्हस्व आणि हलका, सगळा जोर ‘रो’वर. ‘एरोड’ म्हणू नका. भूतकाळात ‘इरोडेड’. शेवटी ‘ड’चाच आवाज असल्यामुळे ‘एड’ वेगळा ऐकू येतो, ‘इरोड्ड’ असा गिळायचा नाही.

नाम होतं ‘इरोझन’. त्यातला ‘झ’ ‘व्हिजन’ किंवा ‘टेलिव्हिजन’मधल्यासारखा मऊ. स्पेलिंगमध्ये मुलं ‘टी-आय-ओ-एन’ लिहितात. तसं नाही, ‘एस-आय-ओ-एन’. हे पाठ करायची गरज नाही, कारण मागे एक रीत आहे. ‘ड’च्या आवाजानं संपणारी बरीच क्रियापदं नाम होताना ‘ड’ सोडून ‘एस’ घेतात : डिसाइडचं डिसिजन, एक्सप्लोडचं एक्सप्लोजन, इन्व्हेडचं इन्व्हेजन, कोलाइडचं कोलिजन. त्याच रांगेत इरोडचं इरोझन बसतं. विशेषण ‘इरोसिव्ह’, तिथं मात्र ‘स’ स्वच्छ ऐकू येतो.

जाता जाता एक. तामिळनाडूत हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेलं एक शहर आहे, त्याचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः हेच. इंग्रजी पेपरात वाक्याच्या मध्ये हा शब्द मोठ्या ‘ई’नं दिसला तर क्रियापद शोधत बसू नका, गावाची बातमी आहे.

दुसरी पायरी : मुळाशी असलेलं चित्र

शब्द आला लॅटिनमधून. ‘रोडेरे’ म्हणजे कुरतडणे, आणि पुढे लागलेला ‘ए’ हा ‘एक्स’चा अवशेष, म्हणजे बाहेर, दूर. कुरतडून काढून टाकणे, हा मूळ भाव. उंदीर-घुशींना इंग्रजीत ‘रोडंट’ म्हणतात तेही याच मुळातून. पोत्याच्या कोपऱ्याला उंदीर लागलाय हे चित्र डोळ्यांसमोर आणा. तो पोतं एका झटक्यात फाडत नाही. तो थोडं कुरतडतो, निघून जातो, दुसऱ्या रात्री परत येतो. एक दिवस आपण पोतं उचलतो आणि खालून धान्य सांडतं.

आता आपल्या बोलण्याकडे बघा. नदीनं काठ खाल्ला. ओघळीनं बांध खाल्ला. व्याजानं मुद्दल खाल्लं. दलालीनं नफा खाल्ला. खानदेशातला शेतकरी ही वाक्यं रोज बोलतो. ज्यांनी ‘कुरतडणे’ या अर्थाचं क्रियापद मातीसाठी वापरलं, त्यांना जे दिसलं तेच आपल्या बापजाद्यांनाही दिसलं होतं. म्हणून वहीतली ‘कमजोर होणे’ ही ओळ खोडा आणि तिथं लिहा : खात जाणे, झिजवत नेणे. या ‘जाणे’ आणि ‘नेणे’मध्ये सगळी गंमत आहे, तिच्याकडे चौथ्या पायरीवर येतो.

चित्र पक्कं करायला भूगोलाची थोडी मदत घेऊ. उन्हाळ्यात खडक तापतो, रात्री निवतो, तडकतो, त्याचा भुगा होतो. हे झालं विदारण, इंग्रजीत ‘वेदरिंग’. भुगा अजून तिथंच आहे. पाऊस किंवा वारा तो उचलून घेऊन जातो, तेव्हा झालं ‘इरोझन’. म्हणजे नुसतं कच्चं होणं पुरेसं नाही, काढून नेणंही त्यात आलं. तापीच्या दोन्ही काठांना घळींचा जो पट्टा दिसतो, उंचावरून पाहिलं तर जमीन नखांनी ओरबाडल्यासारखी वाटते, तो याच कामाचा परिणाम. सातपुड्याकडून आणि दक्षिणेच्या डोंगरांकडून आलेल्या पाण्यानं इथं गाळाचे जाड थर टाकले आणि पुढच्या पाण्यानं तेच थर कापून नेले. आधी थेंब मातीचा कण उडवतो. मग पाणी वरचा पातळ थर सारखा उचलतं, जो डोळ्यांना दिसतही नाही. मग बोटाएवढ्या रेघा पडतात, रेघांची ओघळ होते, ओघळीची घळ होते. दिसायला लागतं तोवर बरंच गेलेलं असतं. इंग्रजी अग्रलेखात ‘पब्लिक ट्रस्ट हॅज इरोडेड’ असं येतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात हाच क्रम असतो : विश्वासाचा वरचा थर कधी गेला ते कुणाला कळलंच नाही, घळ पडली तेव्हा सगळ्यांना दिसलं.

तिसरी पायरी : दोन साचे

मराठीत आपल्याकडे जोड्या आहेत. झिजणे आणि झिजवणे. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. क्रिया आपोआप घडली की एक रूप, कुणी घडवली की दुसरं. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुतेकदा एकच रूप दोन्ही कामं करतं. इरोड त्यातलंच.

पहिला साचा, खाणारा पुढे :
“द रिव्हर इज इरोडिंग इट्स बँक्स.” नदी आपले काठ खात चालली आहे.

दुसरा साचा, खाल्ला जाणारा पुढे, खाणाऱ्याचं नाव नाही :
“द बँक्स आर इरोडिंग.” काठ झिजत चालले आहेत.

दोन्ही शुद्ध. दुसऱ्यात कर्मणी प्रयोग करायलाच हवा असं मुलांना वाटतं आणि ती “द बँक्स आर गेटिंग इरोडेड” लिहितात. आपल्याकडच्या बोलण्यात ते चालून जातं, पण लेखी पेपरात “आर इरोडिंग” किंवा “आर बीइंग इरोडेड” लिहा. खाणारा कोण हे सांगायचं असेल तर ‘बाय’ जोडा : “द बँक्स हॅव बीन इरोडेड बाय रिपीटेड फ्लड्स.”

यातला कोणता साचा निवडायचा हा प्रश्न व्याकरणाइतकाच प्रामाणिकपणाचाही आहे, आणि यावर मी वर्गात मुद्दाम वेळ घालवतो. “ट्रस्ट इन द कमिटी हॅज इरोडेड” या वाक्यात दोषी कुणीच नाही, जणू विश्वास आपला आपणच झिजला. “द कमिटीज सीक्रसी हॅज इरोडेड ट्रस्ट” म्हटलं की खाणारा समोर येतो. बातम्या आणि अहवाल वाचताना पहिल्या साच्याऐवजी दुसरा साचा दिसला की थांबून विचारा : इथं खाणारा कोण, आणि त्याचं नाव का गाळलंय? उताऱ्यावरच्या प्रश्नांमध्ये याच जागेवर बऱ्याचदा बोट ठेवलेलं असतं.

आता आपली खास चूक. मराठीत ‘विश्वासाला तडा गेला’, ‘काठाला पाण्यानं खाल्लं’ असा ‘ला’ येतो. तो इंग्रजीत ‘टू’ होऊन घुसतो : “इट इरोडेड टू द ट्रस्ट.” इरोडच्या पुढे कर्म थेट येतं, मध्ये काही नाही. ‘इन्टू’ मात्र येऊ शकतो, पण तेव्हा अर्थ आत शिरत जाण्याचा असतो : “द स्ट्रीम इरोडेड इन्टू द हिलसाइड”, ओढ्यानं टेकडीत आतपर्यंत खाल्लं. ‘अवे’ही लागतो आणि ‘खाऊन संपवलं’कडे अर्थ झुकवतो. नामाच्या मागे साधारणपणे ‘ऑफ’ : “इरोझन ऑफ ट्रस्ट”, “इरोझन ऑफ टॉपसॉइल”.

चौथी पायरी : काळ

या क्रियापदाला सगळे काळ सारखे मानवत नाहीत. जे लांबत चालतं ते सांगणारे काळ त्याला आवडतात, आणि इथं मराठी माणसाला मोठा फायदा आहे. आपली संयुक्त क्रियापदं हा लांबलेपणा फार नेमका पकडतात.

‘झिजत चाललाय’ म्हणजे “इज इरोडिंग”.
‘झिजलाय’, म्हणजे परिणाम समोर दिसतोय, तर “हॅज इरोडेड”.
‘झिजत आलाय’, म्हणजे मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून थांबलं नाही, तर “हॅज बीन इरोडिंग”.
‘झिजत गेला’, म्हणजे गोष्ट मागच्या काळातली, तर “इरोडेड ओव्हर द इयर्स” किंवा “ग्रॅज्युअली इरोडेड”.

अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना मी आणखी एक आठवण करून देतो. ‘जाई ऱ्हायनं’, ‘करी ऱ्हायना’ यातला ‘ऱ्हायना’ हा इंग्रजीतल्या ‘इज’ आणि ‘आयएनजी’च्या जोडीचंच काम करतो. मनातलं वाक्य आधी पुस्तकी मराठीत आणि मग इंग्रजीत असा दुहेरी प्रवास करायची गरज नाही. ‘वावर वाही जाई ऱ्हायनं’वरून थेट “द फील्ड इज इरोडिंग”वर या. काळ चुकत नाही. ज्या बोलीची शाळेत लाज वाटायला शिकवली जाते, ती इंग्रजीचा काळ शिकताना पुस्तकापेक्षा जवळची पडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

साधा भूतकाळ एकटा वापरलात तर सोबत मुदत द्या : ‘ओव्हर टेन इयर्स’, ‘विथ ईच मॉन्सून’. “यस्टर्डे द वॉल इरोडेड” हे वाक्य कानाला खटकतं. काल भिंत पडली असेल तर ती “कोलॅप्स्ड”. थाळनेरचा तापीकाठचा किल्ला हे चांगलं उदाहरण आहे. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला, ती लढाईची घटना. तिथं “कॅप्चर्ड” हवं. त्या किल्ल्याच्या मातीच्या अंगावर पावसाळ्यामागून पावसाळे जे काम करत आले, त्याला “इरोड” हवं. एकच वास्तू, दोन वेगळी क्रियापदं, कारण वेळेचा हिशेब वेगळा.

क्रियाविशेषणांचंही तसंच. ग्रॅज्युअली, स्लोली, स्टेडिली सहज बसतात. ‘रॅपिडली’ही चालतं, कारण खाण्याचा वेग वाढू शकतो, खाणं मात्र घासाघासानंच असतं. ‘सडनली’ टाळा.

पाचवी पायरी : काय खाल्लं जातं, कोण खातं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. क्रियापद एकटं कधी शिकू नये. त्याच्या जेवणाच्या पंगतीत कोण बसतं ते शिकावं.

निसर्गात खाणारे मोजके : पाणी, वारा, लाटा, हिमनदी. खाल्लं जातं ते माती, खडक, काठ, किनारा. इथं चूक होत नाही.

पैशात हे क्रियापद फार चालतं. खाणारी मुख्यतः महागाई, शिवाय खर्च, कर, स्पर्धा. खाल्ली जाते बचत, क्रयशक्ती, नफ्याचं प्रमाण. आकड्यातच बघू. ट्रंकेत १,००,००० रुपये ठेवले आणि महागाई दर वर्षी ६ टक्के राहिली असं धरा. दहा वर्षांनी नोटा तितक्याच असतील. त्यांनी जेवढा माल येईल, तेवढा आज सुमारे ५५,८०० रुपयांत येतो. एकही नोट चोरीला गेली नाही, तरी निम्म्याजवळ मोल गेलं. “इन्फ्लेशन हॅज इरोडेड द व्हॅल्यू ऑफ हर सेव्हिंग्ज.” या वाक्यात ‘रिड्यूस्ड’ घालता येईल, पण ट्रंकेत बसलेला उंदीर त्यात दिसणार नाही.

पण भाव पडणं म्हणजे इरोड नव्हे. कॉलेजात असताना मी निबंधात लिहिलं होतं, “द प्राइस ऑफ कॉटन इरोडेड लास्ट वीक.” लाल रेघ आली, पण ती का ते कुणी सांगितलं नाही. त्या रेघेचं कारण मला बऱ्याच वर्षांनी स्वतःच शोधावं लागलं. कापसाचा भाव आठवड्यात गडगडला तर तो “फेल” (‘फॉल’चा भूतकाळ), “स्लम्प्ड”, “क्रॅश्ड”. खताचा, मजुरीचा, फवारणीचा खर्च हंगामागून हंगाम वाढत गेला आणि हातात उरणारे पैसे कमी कमी होत गेले, तर “राइजिंग कॉस्ट्स हॅव इरोडेड द फार्मर्स मार्जिन.” पडणं निराळं, खाल्लं जाणं निराळं.

दवाखान्यात हा शब्द आपल्या घरापर्यंत येतो. दुर्बिणीनं पोट तपासल्यावर हातात येणाऱ्या इंग्रजी रिपोर्टवर ‘इरोजन्स’ किंवा ‘इरोसिव्ह गॅस्ट्रायटिस’ असं लिहिलेलं असतं आणि घरचे घाबरून शब्दकोश उघडतात. तिथं या शब्दाचा अर्थ आतल्या अस्तराचा वरचा थर जागोजागी खरवडल्यासारखा झाला आहे, इतकाच. जखम अस्तर ओलांडून खोल गेली की तिला ‘अल्सर’ म्हणतात. पुढचं सगळं डॉक्टरांनाच विचारावं, पण शब्द कळला तर प्रश्न तरी नीट विचारता येतो. दातांचंही असंच. लिंबू, आंबट पेयं, शीतपेयं यांतल्या आम्लानं दातांवरचं कवच विरघळत जातं, त्याला ‘डेंटल इरोझन’ म्हणतात. कीड लागणं वेगळं : तिथं तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, तिला ‘डिके’. हे कवच एकदा गेलं की शरीर ते नव्यानं तयार करत नाही. शब्दाची जात इथंही तीच, वरून, थोडं थोडं, कायमचं.

आणि आता ज्याच्यासाठी पेपर वाचणाऱ्याला हा शब्द लागतो ते : न दिसणाऱ्या गोष्टी. विश्वास, आत्मविश्वास, अधिकार, विश्वासार्हता, पाठिंबा, आघाडी, हक्क, स्वायत्तता. या सगळ्यांत समान काय? यातली एकही वस्तू एका दिवसात उभी राहत नाही. गाळाच्या थरांसारखी ती साचत साचत जमा होते. जे साचून झालं, तेच कुरतडून जातं. ही माझी कसोटी आहे आणि ती क्वचितच फसते. ‘हिज अँगर इरोडेड’ का खटकतं? राग थरांनी साचलेला ठेवा म्हणून आपण सहसा बघत नाही, तो येतो आणि ओसरतो, म्हणून “सब्सायडेड”. ‘हर कॉन्फिडन्स इरोडेड’ का बसतं? कारण आत्मविश्वास अनुभवानं साचतो, आणि रोजच्या टोमण्यांनी जातो. “कॉन्स्टंट क्रिटिसिझम इरोडेड हर कॉन्फिडन्स.” टोमणा एकच होता का? मग ‘इरोड’ नको. एकाच बोलण्यानं मन मोडलं असेल तर “शॅटर्ड”.

माणूस मात्र या क्रियापदाचं कर्म होत नाही. ‘ही इरोडेड मी’ चुकीचं. माणसाची एखादी गोष्ट खाल्ली जाते : त्याचा धीर, त्याचा मान, त्याची पत. त्या मुलाचं वडिलांविषयीचं वाक्य इथं अडलं होतं. आम्ही ते “द इलनेस हॅज वीकन्ड माय फादर” असं केलं. तो म्हणाला, “सर, पण ते रोज थोडे थोडे कमी होताहेत.” मग “द इलनेस इज वेअरिंग हिम डाउन” असं लिहिलं. त्याला ते पटलं, मलाही.

सहावी पायरी : शेजारी

एकाच अर्थाच्या म्हणून शिकवल्या जाणाऱ्या क्रियापदांची घरं वेगवेगळी आहेत.

‘वीकन’ सगळ्यात सैल. हळूहळू असो की एकदम, माणूस असो की पूल, चालतं. काहीच सुचलं नाही तर हे वापरा, चुकणार नाही, पण चित्रही उभं राहणार नाही.

‘करोड’ हे इरोडचं सख्खं भावंड, तेच ‘रोडेरे’ मूळ. ते रसायनाचं काम : पत्रा, पाइप, बॅटरीचं टोक. मोटारीचा पाइप गंजला तर “करोडेड”. लाक्षणिक वापरात करोड जास्त कडवट आहे, त्यात आतून सडल्याचा वास असतो.

‘अंडरमाइन’चं मूळ तटबंदीखाली सुरुंग खणण्यात आहे, आणि मराठीत ‘सुरुंग लावणे’ हा वाक्प्रचार जसाच्या तसा तिथं बसतो. इरोड वरून आणि कडेनं खातं, अंडरमाइन खालून पोखरतं, आणि पुष्कळदा त्यामागे कुणाचा तरी डाव असतो. पाऊस बांध इरोड करतो, त्यात पावसाचा काही डाव नसतो. भाऊबंद तुमच्या शब्दाला चारचौघांत सुरुंग लावतात, ते अंडरमाइन.

‘सॅप’ म्हणजे अंगातला रस शोषून घेणे. त्याचं कर्म जोर, उत्साह, त्राण. मे महिन्यात भुसावळला दुपारी चालून बघा : “द हीट सॅप्ड अवर स्ट्रेंग्थ.”

‘वेन’ चंद्राचं क्रियापद, कृष्ण पक्षातला चंद्र कलेकलेनं घटतो तसं. याला कर्म लागत नाही आणि खाणारा नसतो. “हिज इन्फ्लुअन्स इज वेनिंग” बरोबर, “दे वेन्ड हिज इन्फ्लुअन्स” चूक.

‘ड्विंडल’ संख्येसाठी, शाळेचा पट घटत जाणं, गोठ्यातली जनावरं कमी होत जाणं. ‘डिप्लीट’ साठ्यासाठी. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली मुलं भूजलाबद्दल लिहिताना ‘ग्राउंडवॉटर इज इरोडिंग’ लिहितात. पाणी उपसून संपत असेल तर “ग्राउंडवॉटर इज बीइंग डिप्लीटेड”. जे स्वतः खातं तेच पाणी इथं खाल्लं जातंय, म्हणून गोंधळ होतो.

राहिलं ‘वेअर’. उंबरा, जात्याचा खुंटा, घाटाच्या पायऱ्या, चपलेची टाच, ही घासून झिजतात. माणसाच्या हातापायांनी झिजवलं की “वॉर्न”, पाण्या-वाऱ्यानं किंवा आम्लानं झिजवलं की “इरोडेड”. मराठीत दोन्हीकडे ‘झिजणे’ असल्यानं इथं शब्दकोश हमखास फसवतो.

सातवी पायरी : हाताला सवय

वाचून हे अंगी लागत नाही. एक महिना इंग्रजी पेपर वाचताना जिथं इरोड किंवा इरोझन दिसेल ते वाक्य वहीत उतरवा आणि त्याखाली फक्त दोन गोष्टी लिहा : खाल्लं काय, खाल्लं कुणी. खाणारा गायब असेल तर रिकामी जागा सोडा. अर्थ लिहू नका, भाषांतरही करू नका. वीस-पंचवीस वाक्यं झाली की वही उलट बाजूनं भरा : आपल्या घरातलं, गावातलं एक वाक्य रोज इंग्रजीत घाला. माझ्या वर्गातल्या वह्यांमधली काही वाक्यं, आम्ही जिथं पोहोचलो त्यासह :

‘पावसानं बांध खात आणलाय.’ “द रेन्स हॅव बीन इरोडिंग द बंड.” एका मुलीनं ‘हॅव इरोडेड’ लिहिलं होतं. चूक नाही, पण ‘खात आणलाय’मध्ये अजून चालू असल्याची जी भीती आहे, ती ‘हॅव बीन’मुळे येते.

‘केळीचा भाव आठवड्यात निम्म्यावर आला.’ “बनाना प्राइसेस फेल बाय हाफ इन अ वीक.” इरोड नाही.

‘महागाईनं पगारवाढ खाऊन टाकली.’ थोडी उरली असेल तर “इरोडेड”, काहीच उरली नसेल तर “वाइप्ड आउट”. मराठीत ‘खात गेली’ आणि ‘खाऊन टाकली’ यांत जेवढं अंतर, तेवढंच इथं.

‘सरपंचांचा दरारा आता पहिल्यासारखा राहिला नाही.’ कारण ठाऊक नसेल तर “द सरपंचेस अथॉरिटी हॅज इरोडेड”, किंवा “वेन्ड” देखील. कारण ठाऊक असेल तर ते पुढे आणा : “ब्रोकन प्रॉमिसेस हॅव इरोडेड द सरपंचेस अथॉरिटी.”

‘पुरात पूल वाहून गेला.’ “द ब्रिज वॉज वॉश्ड अवे.” एका रात्रीचं काम.

‘दर पुरात पुलाच्या पायाची माती थोडी थोडी गेली.’ “ईच फ्लड इरोडेड द सॉइल अराउंड द ब्रिजेस फाउंडेशन.” आणि इथं पायाखालचीच माती गेल्यानं पूल धोक्यात आला असेल तर “अंडरमाइन्ड द ब्रिज” मूळ अर्थानं, अगदी खणून काढल्याच्या अर्थानं बसतं.

‘भांडी घासून घासून आईच्या हातावरच्या रेषा झिजल्या.’ हे वाक्य एका मुलानं आणलं होतं. आधार कार्डासाठी मशीन त्या माउलीच्या बोटांचे ठसे घेत नव्हतं. त्यानं ‘इरोडेड’ लिहिलं, मग खोडलं, मग उंबऱ्याचं उदाहरण आठवून स्वतःच दुरुस्त केलं : “इयर्स ऑफ स्क्रबिंग हॅव वॉर्न अवे द लाइन्स ऑन माय मदर्स हँड्स.”